किती वॉटला किती काम?

२६ एप्रिल १९८५. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये एकॉर्न या कंपनीच्या हाती त्यांच्या नव्या प्रोसेसरची पहिली चिप आली. तिचा आज्ञासंच सोफी विल्सन यांनी आखला होता आणि आतली रचना स्टीव्ह फर्बर यांची होती. चिप बोर्डावर बसवली आणि ती चाललीही. आता ती वीज किती घेते ते मोजायचं म्हणून फर्बर यांनी तिच्या वीजजोडणीत ॲमीटर लावला, तर तो शून्य दाखवू लागला. चिप मात्र बिनचूक काम करत होती. शोधाशोध केल्यावर कळलं, की चिपला मुख्य वीजपुरवठा पोचतच नव्हता. शेजारच्या भागांकडून सिग्नलच्या वाटांनी जी चिमूटभर वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर ती चालली होती.

त्या चिपमध्ये सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या इंटेलच्या ८०३८६ मध्ये २,७५,००० होते, म्हणजे अकरापट. विजेची एवढी बचत हे काही एकॉर्नचं मूळ ध्येय नव्हतं. चिप फार तापली नाही तर ती महागड्या सिरॅमिकऐवजी साध्या प्लास्टिकच्या वेष्टनात बसते, एवढाच त्यांचा हिशेब होता. पण त्या चिपचं घराणं पुढे 'एआरएम' म्हणून जगभर पसरलं. आज आपल्या खिशातल्या जवळपास प्रत्येक मोबाइलचा प्रोसेसर याच घराण्यातला आहे.

तेव्हापासून संगणकाच्या जगात दोन वाटा दिसतात. एक टेबलावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरची: भिंतीतल्या प्लगमधून हवी तेवढी वीज घ्या आणि जास्तीत जास्त वेग काढा. दुसरी कमी विजेच्या प्रोसेसरची: आधी विजेचं बजेट ठरवा, मग तेवढ्यात काय काय बसतं ते पाहा. या दोघांची तुलना करायची तर नेमकं काय मोजायचं? हा प्रश्न नवा संगणक घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे. शाळेच्या, वाचनालयाच्या किंवा पतसंस्थेच्या पैशाने वीस-वीस संगणक घेणाऱ्यांचा तर तो जास्तच आहे.

गिगाहर्ट्झ म्हणजे नुसते ठोके

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती गिगाहर्ट्झचा आहे?" प्रोसेसरमध्ये एक घड्याळ असतं आणि त्याच्या ठोक्यावर सगळी कामं पुढे सरकतात. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. एका ठोक्याच्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो. आकडा थक्क करणारा आहे, पण तो ठोक्यांचा आहे, कामाचा नाही. एका ठोक्यात किती काम उरकतं हे त्यात कुठेच सांगितलेलं नसतं.

याचा धडा इंटेलनेच जगाला दिला. २००४ साली त्यांच्या पेन्टियम ४ ची 'प्रेस्कॉट' ही आवृत्ती आली. ठोके वाढवता यावेत म्हणून तिच्यात एकेक काम ३१ टप्प्यांत तोडलं होतं. टप्पा लहान केला की ठोका जलद देता येतो, हे तर्काला धरून होतं. पण पुढचं काम कोणतं याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज चुकला की भरलेले सगळे टप्पे रिकामे करून पुन्हा सुरुवात करावी लागते. रांग जितकी लांब तितकं नुकसान मोठं. ३.८ गिगाहर्ट्झला त्या प्रोसेसरसाठी ११५ वॉट उष्णतेची सोय करावी लागत होती. ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला पेन्टियम ४ शेवटी ऑक्टोबर २००४ मध्ये रद्दच झाला.

त्याच काळात इंटेलच्या इस्रायलमधल्या हैफा केंद्राने लॅपटॉपसाठी पेन्टियम एम तयार केला होता. २००३ साली आलेल्या १.६ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम एमचा उष्णतेचा आकडा २४.५ वॉट होता. ठोके कमी, पण प्रत्येक ठोक्याला काम जास्त. याच विचारातून २००६ साली कोअर २ ड्युओ हा डेस्कटॉप प्रोसेसर आला. त्याच्या २.४ गिगाहर्ट्झच्या ६५ वॉटी आवृत्तीने ३.८ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ४ ला सहज मागे टाकलं. डेस्कटॉपचं राज्य लॅपटॉपच्या घरातून आलेल्या वारसाने घेतलं. तेव्हापासून निव्वळ गिगाहर्ट्झवरून दोन वेगळ्या रचनांच्या प्रोसेसरची तुलना करण्याला काही अर्थ उरलेला नाही.

वाट पाहायची की पुढचं काम उरकायचं?

मग ठोक्याला जास्त काम होतं कसं? त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ. कुकर लावला आहे आणि तीन शिट्ट्या व्हायच्या आहेत. नवशिका माणूस शिट्ट्या मोजत ओट्याशी उभा राहतो. सरावाची गृहिणी तेवढ्यात कणीक मळते, कोथिंबीर चिरते, फोडणीची तयारी करून ठेवते. शिट्टी झाली की तिची निम्मी कामं झालेली असतात.

प्रोसेसरचा कुकर म्हणजे मेमरी. हवा असलेला आकडा प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये नसला, तर तो बाहेरच्या रॅममधून आणावा लागतो आणि त्याला साधारण ८० नॅनोसेकंद लागतात. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ३२० ठोके होऊन जातात. २००८ साली नेटबुक म्हणून छोटे, स्वस्त लॅपटॉप आले. त्यांतला इंटेलचा ॲटम एन२७० त्या नवशिक्यासारखा होता. आज्ञा ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने पार पाडायच्या. पुढचं काम मागच्यावर अडलं की थांबायचं. म्हणून १.६ गिगाहर्ट्झचा ॲटम तेवढ्याच ठोक्यांच्या जुन्या पेन्टियम एमपेक्षा स्पष्टपणे मंद होता. त्या बदल्यात त्याचा उष्णतेचा आकडा फक्त २.५ वॉट होता.

डेस्कटॉप प्रोसेसर सरावाच्या गृहिणीसारखा शेकडो आज्ञा नजरेत ठेवतो आणि जी उरकण्यासारखी असेल ती आधी उरकतो. त्यापुढे जाऊन तो अंदाजही बांधतो. टपरीवरचा चहावाला नेहमीचं गिऱ्हाईक वळणावर दिसताच कटिंग ओतायला घेतो, तसं प्रोसेसर 'पुढे हीच वाट धरली जाणार' असं गृहीत धरून काम सुरू करतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. चुकला तर ओतलेला चहा वाया जातो आणि त्याबरोबर वीजही. या सगळ्या हुशारीला ट्रान्झिस्टर लागतात, जागा लागते आणि सतत वीज लागते. कमी विजेच्या प्रोसेसरला यातली प्रत्येक सोय घेताना विचारावं लागतं, "हिच्यामुळे वेग किती वाढतो आणि वीज किती जाते?"

शेवटचा वेग सगळ्यांत महाग

मोटारसायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा. ताशी ४५ ने गेलं तर ॲव्हरेज चांगलं मिळतं. तीच गाडी ९० ने पळवली तर वेग दुप्पट होतो, पण पेट्रोलचा हिशेब बिघडतो. प्रोसेसरचं गणित याहून कडक आहे. चिपमधली कामापुरती वीज ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि ठोके वाढवायचे तर एका मर्यादेनंतर व्होल्टेजही वाढवावं लागतं.

समजा, एखादा कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, ०.८ व्होल्टवर २.५ गिगाहर्ट्झने चालतो आणि ५ गिगाहर्ट्झसाठी त्याला १.२ व्होल्ट द्यावे लागतात. ठोके दुप्पट झाले. व्होल्टेज दीडपट झालं, त्याचा वर्ग सव्वादोन. म्हणजे दुप्पट ठोक्यांसाठी वीज साडेचारपट. डेस्कटॉप प्रोसेसर एवढे का तापतात आणि कमी विजेचे प्रोसेसर अपेक्षेपेक्षा चांगले का धावतात, या दोन्हींचं उत्तर या एका गुणाकारात आहे. पहिला चढाच्या शेवटच्या टप्प्यावर झगडत असतो, दुसरा सपाटीवर चालत असतो.

पूर्वी ही अडचण इतकी जाणवत नव्हती. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवून दिलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान केला आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही वीज वाढत नाही. तीसेक वर्षं हा नियम उपयोगी पडला. पुढे ट्रान्झिस्टर इतके लहान झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवणं अवघड होऊन बसलं. २००५ च्या आसपास ही सवलत संपली. त्यानंतर ठोके वाढवण्यापेक्षा कोअर वाढवण्याकडे सगळे वळले.

एकाच पिढीतले दोघे

तुलना न्याय्य व्हायची तर दोघे एकाच पिढीतले आणि एकाच निर्मितीतंत्राचे हवेत. अशी एक चांगली जोडी आहे. २०२२ च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा डेस्कटॉपचा कोअर आय३-१२१०० आणि २०२३ मध्ये आलेला कमी विजेचा एन१००. दोघांचं निर्मितीतंत्र एकच, दोघांचे कोअर चार. आय३ मध्ये मोठे कोअर आहेत. त्यांतला प्रत्येक जण एका वेळी ५१२ आज्ञा नजरेत ठेवतो. एन१०० मध्ये लहान कोअर आहेत, त्यांची नजर २५६ आज्ञांपर्यंत जाते. असे चार लहान कोअर साधारण एका मोठ्या कोअरच्या जागेत मावतात. आय३ चे ठोके ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत चढतात, एन१०० चे ३.४ पर्यंत. कॅश आय३ ला दुप्पट.

दोघांची यंत्रं उघडून शेजारी ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा हीटसिंक, त्यावर पंखा, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर आणि कोपऱ्यात विटेएवढा वीजपुरवठ्याचा डबा. एन१०० चा मिनी पीसी म्हणजे जाडसर पुस्तकाएवढी डबी. काहींत छोटा पंखा असतो, काहींत तोही नाही, डबीचं झाकणच उष्णता बाहेर टाकतं. वीज देतो तो लॅपटॉपसारखा अडॅप्टर.

आता आकडे. एन१०० वर ६ वॉट लिहिलेलं असतं. आय३ चा मूळ आकडा ६० वॉट आहे आणि जोरात चालताना तो ८९ वॉटपर्यंत जाऊ शकतो. कागदावर पाहिलं तर हे अंतर जवळपास पंधरापट. प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र एका कोअरच्या कामात आय३ साधारण पावणेदोन ते दोनपट वेगवान ठरतो आणि चारही कोअर कामाला लावले तर सुमारे अडीचपट. म्हणजे वॉटचं अंतर आणि कामाचं अंतर यांची मुळीच बरोबरी नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. डब्यावर लिहिलेला वॉटचा आकडा म्हणजे 'एवढीच वीज लागेल' असं वचन नव्हे. किती उष्णता बाहेर टाकण्याची सोय हवी, याचा तो कंपनीने दिलेला अंदाज आहे. एन१०० वापरणारे अनेक निर्माते त्याला ६ ऐवजी १०-१५ वॉट किंवा त्याहून जास्त घेऊ देतात. शिवाय प्रोसेसर म्हणजे पूर्ण संगणक नव्हे. जुन्या ॲटम एन२७० च्या सोबतचा चिपसेट तर खुद्द प्रोसेसरपेक्षा जास्त वीज खात होता. म्हणून मोजायचं ते भिंतीतल्या प्लगपाशी.

खालून वर आलेले

कमी वीज म्हणजे कमी वेग, हे समीकरण ठळकपणे मोडलं ते नोव्हेंबर २०२० मध्ये, ॲपलच्या एम१ मुळे. त्याचे पूर्वज फोनमधले. घराणं तेच, केंब्रिजचं. पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमधला ३.२ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर एका कोअरच्या कित्येक चाचण्यांमध्ये ५.३ गिगाहर्ट्झच्या, १२५ वॉटी इंटेल कोअर आय९-१०९००के च्या पुढे गेला. त्याच एम१ वर चालणाऱ्या पूर्ण मॅक मिनीची जास्तीत जास्त वीज ॲपलने दिली आहे ३९ वॉट. या यशात रचनेइतकाच निर्मितीतंत्राचाही वाटा होता. एम१ तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या ५ नॅनोमीटर तंत्राने बनला होता, तर तो आय९ इंटेलच्या जुन्या १४ नॅनोमीटर तंत्राने. कोणतीही तुलना वाचताना हा फरक पाहायलाच हवा.

त्याच वर्षी जूनमध्ये जपानचा फुगाकू हा जगातला सर्वांत वेगवान महासंगणक ठरला होता. त्याचे दीड लाखाहून अधिक प्रोसेसरही एआरएम रचनेचेच. महासंगणकात विजेचं आणि थंड करण्याचं बिल इतकं मोठं असतं, की दर वॉटमागे होणारं काम हीच तिथली खरी कसोटी ठरते.

लहान प्रोसेसर एकत्र जोडून मोठं काम करण्याचा हा मार्ग पुण्याने फार आधी चोखाळला. १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हा भारताचा महासंगणक साकारला. परदेशी महासंगणक मिळवण्यात अडथळे होते, म्हणून एका बलाढ्य प्रोसेसरचा हट्ट न धरता 'ट्रान्सप्युटर' नावाचे छोटे प्रोसेसर समांतर जोडून त्यांनी हवामान आणि विज्ञानाची अवाढव्य गणितं सोडवण्याची सोय केली. मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

मात्र प्रत्येक काम असं वाटून देता येत नाही. चार माणसं मिळून एक विहीर लवकर खणतील, पण एक पत्र चौघांनी लिहिलं म्हणून लवकर लिहून होत नाही. व्हिडिओचं रूपांतर, त्रिमितीय चित्रं, मोठ्या आज्ञावलीची बांधणी ही विहिरीची कामं. तिथे मोठ्या डेस्कटॉप प्रोसेसरचे २४ कोअर खरोखर उपयोगी पडतात. मजकूर टाइप करणं, ब्राउझरमध्ये पान उघडणं, टॅलीत नोंद करणं ही पत्राची कामं. ती एका कोअरच्या वेगावर ठरतात आणि त्यांना वीस कोअर जास्त मिळाले तरी फरक जाणवत नाही.

चाचणीचा आकडा कसा वाचायचा?

पहिली गोष्ट म्हणजे चाचणी किती वेळ चालली ते पाहायचं. थंड प्रोसेसर पहिले काही सेकंद जोरात धावतो, तापला की स्वतःच ठोके उतरवतो. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाचा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला पोचला की असा मंदावू लागतो. दोन मिनिटांच्या चाचणीत बरोबरीत दिसणारे दोघे अर्ध्या तासाच्या कामात बरोबरीत राहतीलच असं नाही.

दुसरी गोष्ट, खोलीचं तापमान. बहुतेक चाचण्या वातानुकूलित खोलीत होतात. समजा, एखादी चिप काम करताना आसपासच्या हवेपेक्षा ५० अंशांनी जास्त तापते. २२ अंशांच्या खोलीत ती ७२ वर राहील. मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्यात खोलीतलं तापमान ४२ असेल, तर तीच चिप ९२ वर जाईल आणि वेग उतरवायच्या बेतात येईल. विदर्भातल्या शाळेने यंत्र निवडताना त्यात हवा खेळायला जागा किती आहे, हे आधी पाहावं.

तिसरी गोष्ट, वॉट आणि वेळ यांचा गुणाकार. बिल वॉटचं येत नाही, युनिटचं येतं. समजा, एक काम डेस्कटॉप १५० वॉट घेऊन एका मिनिटात करतो आणि मिनी पीसी १२ वॉट घेऊन आठ मिनिटांत. डेस्कटॉपला २.५ वॉट-तास लागले, मिनी पीसीला १.६. मिनी पीसी जिंकला. पण आपण समोर बसून वाट पाहत असलो आणि २५ वॉटचा मॉनिटर चालू असला, तर हिशेब २.९ विरुद्ध ४.९ असा उलटतो. जड काम झटपट उरकून यंत्र बंद करणार असाल, तर ताकदवान प्रोसेसरही काटकसरी ठरू शकतो.

पण आपले बहुतेक संगणक दिवसभर चालू असतात आणि बहुतेक वेळ आपण पुढची कळ दाबण्याची वाट पाहत असतात. तिथे कमी वीजवाल्याला तोड नाही. दोघांत सरासरी ४० वॉटचा फरक धरा, दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस. एका संगणकामागे १२० युनिट वाचतात आणि वीस संगणकांच्या शाळेत २,४००. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर संगणक किती वेळ तग धरेल, तेही याच आकड्यावर ठरतं.

तर मग घ्यायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. टायपिंग, इंटरनेट, हिशेब, ऑनलाइन तास, फॉर्म भरणं, व्हिडिओ पाहणं एवढ्यासाठी आजचा कमी विजेचा प्रोसेसर पुरेसा आहे. त्याला ८ जीबी रॅम आणि एसएसडी यांची जोड मात्र हवीच. जुना संगणक कंटाळवाणा वाटण्यामागे अनेकदा प्रोसेसर नसून फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. व्हिडिओ संपादन, वास्तुरचनेचे आराखडे, मोठे गेम आणि प्रोग्रामिंगची जड कामं यांसाठी डेस्कटॉप प्रोसेसरच घ्यावा. तिथे वाचलेल्या विजेपेक्षा वाया गेलेला माणसाचा वेळ महाग पडतो.

शाळा, वाचनालयं आणि ग्रामपंचायती यांच्या खरेदी समितीत बसणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कोटेशन मागवताना त्यात गिगाहर्ट्झच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखून घ्या: चालू संगणक प्लगपाशी किती वॉट घेतो. दुकानदाराला सांगा, यंत्र लावून, तुमचं रोजचं काम त्यावर अर्धा तास करून दाखवा. वीज मोजणारं साधं मीटर प्लगमध्ये अडकवा आणि आकडा स्वतः लिहून घ्या. त्या अर्ध्या तासात जे कळेल, ते कुठल्याही जाहिरातीतून कळणार नाही.